बॅक दाबलं की जुनंच पान दिसतं. काय करू? (ब्राउझर बदलायचा नाही, कुकीज पुसायच्या नाहीत)

टिपकागद: ग्रंथालयाच्या ऑनलाइन यादीतल्या नोंदी दुरुस्त करते आहे. पुस्तक उघडायचं, चूक सुधारायची, सेव्ह, बॅक. पण यादीत जुनंच नाव! एफ५ दाबलं की बरोबर येतं. काल यापायी १७ नोंदी दोनदा दुरुस्त केल्या, त्यातल्या दोन बिघडल्या. शिवाय फिल्टर लावले की बॅक दाबूनही तिथल्या तिथेच, तीनचारदा दाबावं लागतं. वर लिहिलेल्या दोन्ही अटी खऱ्याच आहेत, काही लॉगिनचे पासवर्ड माझ्याकडे नाहीत.

वाटाड्या: फायरफॉक्स घ्या. इतकी वर्षं वापरतोय, एकदाही असं झालं नाही.

खटपट्या: कुकीज, हिस्टरी, कॅशे सगळं साफ करा. माझं अगदी हेच झालं होतं. पुसल्यावर दोन दिवस झकास चाललं.

टिपकागद: आणि तिसऱ्या दिवशी?

खटपट्या: परत सुरू झालं. मग परत पुसलं.

मधलाकप्पा: अहो, पुसायचं नाही असं शीर्षकातच आहे. आणि पुसून हे जाणारही नाही. चित्रं, स्क्रिप्ट साठवते ती कॅशे निराळी. इथे काम करते ती बॅक-फॉरवर्ड कॅशे: तुम्ही पान सोडलंत की ब्राउझर ते स्क्रोलसकट, अर्धवट भरलेल्या फॉर्मसकट मेमरीत गोठवतो आणि बॅक दाबल्यावर सर्व्हरला न विचारता तेच पुढे ठेवतो. क्रोममध्ये साधारण १० मिनिटं. वाटाड्या, फायरफॉक्समध्ये ही सोय २००५ पासून आहे, डेस्कटॉप क्रोममध्ये २०२१ मध्ये आली. ब्राउझर बदलून काय मिळणार?

वाटाड्या: माझ्याकडे होत नाही एवढं नक्की.

मधलाकप्पा: तुमच्या साइट्स ब्राउझरला 'नो-स्टोअर', म्हणजे 'हे साठवू नका', अशी सूचना पाठवत असतील. मग पान सहसा गोठवलं जात नाही.

जुनीकळ: बॅक बटणाचे हाल बॅकस्पेसनं मागे जायची सोय काढली तेव्हापासून सुरू झाले. क्रोमनं २०१६ मध्ये काढली. एका बोटाचं काम होतं, आता ऑल्ट आणि डावा बाण.

खटपट्या: काढलं तेच बरं! अख्खा अर्ज भरून झाला होता, कर्सर रकान्याबाहेर होता, बॅकस्पेस दाबलं आणि सगळं गेलं. कॅशे साफ करा हे मात्र परत सांगतो.

सांधा: असल्या साइट्स बनवणं माझं काम आहे. दोष पानाचा आहे, तुमचा नाही. बनवणाऱ्यांना लिहा: 'पेजशो' इव्हेंटमध्ये (पान दिसताना ब्राउझर देतो ती वर्दी) 'पर्सिस्टेड' खरं आलं, म्हणजे पान गोठवलेलं निघालं, तर यादी नव्यानं मागवा. 'नो-कॅशे' लावून ते मोकळे होतील, तर ऐकू नका. त्याचा अर्थ 'साठवू नका' नाही, 'वापरण्याआधी विचारा' असा आहे, आणि गोठवलेलं पान तेही विचारत नाही. फिल्टरची गोष्ट वेगळी: प्रत्येक फिल्टरला 'पुशस्टेट'नं इतिहासात नवी नोंद पडत असणार, तिथे 'रिप्लेसस्टेट' हवं, म्हणजे आहे तीच नोंद बदलेल. तोवर बॅक बटण दाबून धरा, मागच्या पानांची यादी उघडते, हवं त्यावर थेट जा.

जुनीकळ: बॅक दाबून धरलं की यादी येते, तीही वापरून बघा.

टिपकागद: दाबून धरलं. एकाच यादीच्या चार ओळी दिसल्या, सांधा म्हणाले तसंच. बनवणाऱ्यांना त्यांच्याच शब्दांत कळवलंय. पण तोवर मी बॅक वापरणारच नाही. यादी एका टॅबमध्ये, पुस्तक कंट्रोल-क्लिकनं दुसऱ्या, आणि झालेल्या नोंदीवर कागदावर खूण.

वाटाड्या: ४० टॅब होतील. रॅम वाढवा आधी.

टिपकागद: सेव्ह झालं की टॅब बंद करते, एका वेळी दोनच उघडे. आज ३१ नोंदी झाल्या, एकही दोनदा नाही.