मदत हवी आहे: गुलमर्गच्या आधी ड्राय स्लोपवर स्कीइंग शिकण्यात अर्थ आहे का?

मेथीची_जुडी

नमस्कार मंडळी. आम्ही एडिनबरात राहतो. फेब्रुवारीत पुण्यात घरचं लग्न आहे. ते उरकलं की दीर-जाऊ, त्यांची मुलं आणि आम्ही तिघं गुलमर्गला जाणार. तिथे स्कीइंग करायचंच, असं मुलांनी परस्पर ठरवून टाकलंय. आमच्यात कुणीही आजवर पायाला स्की लावलेली नाही. इथे केर्नगॉर्म डोंगरावर स्कीइंगचं ठिकाण आहे, पण तिकडे कधी बर्फ नसतो, तर कधी वाऱ्यामुळे लिफ्ट बंद.

शहराला लागून पेंटलंड टेकड्यांवर हिलएंडचा ड्राय स्लोप, म्हणजे बर्फाऐवजी प्लॅस्टिक अंथरलेला उतार आहे. मुख्य उतार 400 मीटरचा, वर जायला चेअरलिफ्ट. नवऱ्याचं म्हणणं, आधी तिथे शिकू, म्हणजे गुलमर्गला पैसे वाया जाणार नाहीत. मी लांबून बघून आले. प्लॅस्टिकवर घसरायचं म्हणजे नेमकं काय, ते काही कळलं नाही.

प्लॅस्टिकवर शिकलेलं खऱ्या बर्फावर उपयोगी पडतं का? नऊ वर्षांच्या लेकीला स्नोबोर्डच (दोन्ही पाय एकाच फळीवर) हवाय, तो द्यावा का? आणि ऑफिसातली एक जण म्हणाली, पडलं की अंगठा मोडतो. हे खरं आहे की मला घाबरवायला सांगितलं?

पेंटलंडकर

उपयोगी पडतं, डोळे झाकून जा. पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ बर्फाशी संबंध नसलेल्या गोष्टींतच जातो: बूट चढवणं, त्या बुटांत चालणं, स्की अडकवणं-काढणं, पडल्यावर उठणं. हे सगळं हिलएंडला शिकून घ्या.

बहुतेक जुन्या उतारांवर ब्रशसारखे ताठ प्लॅस्टिकचे केस असतात. वेल्समधल्या चेपस्टोला बनणारं डेंडिक्स हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध प्लॅस्टिक. बर्फावर स्कीखाली पाण्याचा पातळ थर तयार होतो, त्यावर आपण सरकतो. प्लॅस्टिकवर तो थर आपोआप होत नाही, म्हणून पाण्याचे फवारे मारतात. फवारा नसला की स्की अडखळते आणि तिचा तळ तापून झिजतो. तेव्हा पाऊस बघून घरी बसू नका, भिजलेला उतार सगळ्यात छान पळतो. आपल्याकडे त्या पावसाची कमतरता नाही!

एक फरक मात्र डोक्यात ठेवा. प्लॅस्टिकवर स्कीची धार बर्फाइतकी रुतत नाही. वजन चुकीच्या पायावर पडलं की वळण फसतं. बर्फ अशा चुका पोटात घालतो, ब्रश घालत नाही. म्हणून इथे वळायला शिकलेला माणूस बर्फावर सुटल्यासारखा पळतो. गुलमर्गला पहिल्या तासाला वेग जास्त वाटेल, तेवढं सांभाळा.

हाडवैद्य_नव्हे

मी ऑर्थोपेडिक्समध्ये काम करते, म्हणून अंगठ्याचं सांगते. तुम्हाला कुणी घाबरवलेलं नाही, दुखापत खरी आहे. डेंडिक्सच्या पट्ट्यांची जाळी असते, मध्ये भोकं. पडताना हात पसरला की अंगठा भोकात अडकतो, शरीर पुढे जातं आणि अंगठ्याच्या बुडाशी, तर्जनीच्या बाजूला असलेला लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) ताणला जातो किंवा तुटतो. अर्धवट फाटला तर काही आठवडे स्प्लिंट, पूर्ण तुटला तर बऱ्याचदा शस्त्रक्रिया. (ही दुखापत 1955 साली स्कॉटलंडमधल्याच शिकारराख्यांच्या (मालकाच्या रानातली शिकार सांभाळणाऱ्यांच्या) अंगठ्यांवरून नोंदली गेली. ससे मारताना त्यांचा अंगठा असाच ताणला जायचा. शाकाहारी मंडळींनी पुढे वाचू नये.)

पडतोय असं वाटलं की मुठी मिटा, अंगठा बोटांच्या आत. पडल्यावर उठताना तळवा टेकू नका, मूठ टेका. हातमोजे काढायचे नाहीत, उकडलं तरी. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. उघडी कातडी घासली की भाजल्यासारखी सोलवटते. आणि नवं महागडं स्की जॅकेट घालू नका, फाटेल. पडल्यावर अंगठ्याने चिमटीत काही धरता येईना, तर "बघू उद्या" करू नका.

बर्फाळ_बाळू

मी उलट मताचा. ड्राय स्लोपवर पडलं की लागतं आणि लागलं की माणूस घाबरतो. बायकोने पहिल्याच तासाला बूट काढून ठेवले. सुट्टीत मँचेस्टरला चिल फॅक्टोरला जा, छताखाली खराखुरा बर्फ आहे, मऊ पडाल.

पेंटलंडकर

बाळूशेठ, एडिनबराहून मँचेस्टर म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. एकदा मजा म्हणून ठीक. हिलएंडला शाळा सुटल्यावर जाता येतं, आणि शिकायला सारखं जावं लागतं. 2022 साली ऑस्ट्रियातल्या किट्सब्यूहेलची स्लॅलम (खांबांमधून वळत उतरायची शर्यत) जिंकणारा ब्रिटिश स्कीपटू डेव्ह रायडिंग लँकेशरमधल्या पेंडलच्या ड्राय स्लोपवरच घडला. अल्पाइन स्कीइंगच्या वर्ल्ड कपमधला ब्रिटनचा तो पहिला विजय.

देवदार_आणि_कहवा

गुलमर्गबद्दल सांगतो, दर हिवाळ्यात जातो. लेकीला यंदा स्कीच द्या. स्नोबोर्डवर पहिले दिवस मनगट आणि माकडहाडावर पडण्यात जातात, ब्रशवर ते फारच लागतं. तरी हटून बसली तर मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे पॅड आणि मागे पॅड असलेली चड्डी घेतल्याशिवाय उभी करू नका.

तिथे गोंडोल्याचे (रोपवेचे) दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ 3,950 मीटरवर. दुसऱ्या टप्प्यावर फोटो काढा आणि गोंडोल्यानेच खाली या. वरचा उतार नवशिक्यांचा नाही, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. शिकायचं ते खाली, गावालगतच्या सौम्य उतारांवर. गुलमर्गच मुळात 2,650 मीटरच्या आसपास, त्यामुळे पहिल्या दिवशी धाप लागेल. हिलएंडचा दम तिथे पुरत नाही.

आणि बर्फ गृहीत धरू नका. जानेवारी 2024 मध्ये तिथे कुरण उघडं पडलं होतं, बर्फाला महिनाअखेर उजाडली. तुमचा फेब्रुवारी त्या मानाने बरा.

मेथीची_जुडी

सगळ्यांचे मनापासून आभार. हिलएंडचं नक्की केलं. लेकीला मनगटाच्या गार्डचा फोटो दाखवला, तेव्हा ती स्कीवर राजी झाली. आता शेवटचं: मोजे दोन जोड घालायचे का? सासूबाई लोकरीचे विणून पाठवतायत.

पेंटलंडकर

एकच जोड, पातळ आणि गुडघ्यापर्यंत लांब. दोन घातले की आत घडी पडते, पाय घासतो आणि बूट घट्ट होऊन उलट गारठतो. सासूबाईंचे मोजे गुलमर्गच्या हॉटेलात संध्याकाळी घाला, फोटो काढून त्यांना पाठवा.