सेकंडहँड स्पोर्ट्स गाडी रोज चालवणाऱ्यांनो, इथे लिहा

खाडीकाठची

काल संध्याकाळी कापूरबावडीच्या सिग्नलला उभी होते. मागून आवाज आला आणि आरशात बघायच्या आधीच कळलं, ही फियाटची पालिओ आहे आणि १.६ लिटरवाली आहे. मग बघितलं. पिवळी. मागच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात नारळाच्या झाडाचा अर्धा खरवडलेला स्टिकर. तो मीच लावलेला, २००९ मध्ये, गणपतीपुळ्याहून येताना. म्हणजे माझीच गाडी!

सिग्नल सुटला, ती घोडबंदरकडे गेली, मी माजिवड्याला वळले. घरी येऊन पोळ्या लाटताना रडू आलं.

२००८ साली नौपाड्यातल्या एका काकांकडून घेतली होती, दीड लाखाला. घरचे, ऑफिसचे, सगळे म्हणत होते की नवीन छोटी गाडी घे हप्त्यावर. पण मी ती एकदा चालवली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १६ व्हॉल्व्ह, शंभर हॉर्सपॉवर. सचिनच्या नावाची एस-१० नाही, साधी जीटीएक्स, पण इंजिन तेच. रोज ठाणे ते महापे, कळवा-विटाव्यावरून. ट्रॅफिकमध्ये लिटरला आठ द्यायची आणि मला एका दिवसाचाही पश्चात्ताप झाला नाही.

आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला त्याच गाडीतून नेलं, चार वर्षं. ती मागे कधी बसली नाही, पुढेच. रात्री परत येताना रस्ता मोकळा दिसला की म्हणायची, "आता जरा सोड गं." मग मी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून सोडायचे आणि ती खिडकीच्या वरचा दांडा धरून हसायची.

आई गेली आणि २०१३ ला मी गाडी विकली. विकताना दुसरी किल्ली सापडेना, म्हणून घेणाऱ्याने हजार रुपये कमी केले.

तुम्ही कुणी अशी गाडी रोज वापरलीत का? दारात झाकून ठेवायला नाही. ऑफिस, भाजी, शाळा, दवाखाना यासाठी. दोन दारंच पाहिजेत असं काही नाही, चालवताना जीव वर येतो अशी कुठलीही चालेल.


कोपरी_कट्टा

आईंचं वाचून थांबलोच. "आता जरा सोड गं" 🙏


पामबीच_पहाट

माझी बीएमडब्ल्यू झेड४, २०११ चं मॉडेल, तिसऱ्या मालकाची, म्हणजे मी चौथा. नेरूळ ते ऐरोली रोज. छप्पर पत्र्याचं आहे, घडी होऊन डिकीत जातं, आणि ते गेलं की डिकीत डबा आणि लॅपटॉप एवढंच मावतं. थंडीत सकाळी साडेसहाला निघतो, छप्पर उघडं, पाम बीचवर खाडीचा वास. चाणक्य तळ्याच्या बाजूला फ्लेमिंगो उतरलेले दिसतात. बंद गाडीतून ते नुसते दिसतात. उघड्या गाडीतून त्यांचा गलका ऐकू येतो. एवढ्यासाठी मी बाकी सगळं सहन करतो.

बाकी सगळं म्हणजे स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असं आहे, म्हणजे लांबट, सपाट चढ. आमच्या सोसायटीच्या गेटवरचा मी टेपने मोजला: १७ सेंटीमीटर उंच आणि रुंदी जेमतेम फूटभर. फोटो आणि माप लावून कमिटीला अर्ज दिला. आठ महिने लागले, पण तासून घेतला. आता वरच्या मजल्यावरच्या आजींची व्हीलचेअरही सहज जाते, त्या भेटल्या की अजून सांगतात.

तोवर एकच उपाय, तिरकं चढायचं. एक चाक आधी, मग दुसरं. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.


रबाळे२२

तिरकं +१. आणि गाडीत चार माणसं असतील तर दोघांना आधी उतरवायचं.


वाशीची_सून

आमच्याकडे स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस होती, १.८ टर्बो, १५० हॉर्सपॉवरची. नवऱ्याने घेतली पण चालवली मीच जास्त. लोकांना वाटतं स्पोर्ट्स गाडीत संसार मावत नाही. त्या गाडीची डिकी उघडली की मागची काचसुद्धा सोबत वर जाते, तोंड एवढं मोठं! दरवर्षी पेणहून गणपती त्यातच आणला, अडीच फुटांची मूर्ती, खाली गादी, बाजूला दोन उशा. सासूबाई मूर्तीला हात लावून मागच्या सीटवर उलट्या बसायच्या. पेणपासून पनवेलपर्यंत कुणीही मागून दिवा मारला तरी मी साठच्या वर गेले नाही. एरवी मात्र नाव काढू नका.

मुलगा आता एकोणीसचा आहे, तीच गाडी शोधतोय, ऑनलाइन बघत बसतो.


नौपाडा_दत्त

वाशीची_सून, पेणला मूर्ती कुठून घेता? आमच्या कारखानदाराने काम बंद केलं.


वाशीची_सून

हमरापूरला. व्यनि (खाजगी निरोप) करते.


घणसोलीचा

ताई, विटाव्याचं नाव काढलंत म्हणून लिहितो. जुलै महिना, रेल्वे पुलाखाली पाणी. पुढची रिक्षा गेली म्हणून मीपण घातली. माझी गाडी खाली, हवा ओढायचं तोंड बंपरच्या मागे, गुडघ्याएवढ्या पाण्यात बंद पडली. मी काय केलं, परत सेल मारला. दोनदा. तिथेच संपलं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. नुसती ढकलून बाहेर काढली असती तर प्लग काढून, पाणी काढून, ऑइल बदलून भागलं असतं.

विम्यात इंजिनाचं वेगळं कव्हर नव्हतं. एक लाख चाळीस हजार. बहिणीच्या लग्नाच्या वर्षात. वडील एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

सगळ्यांना हात जोडून सांगतो, पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका.


खाडीकाठची

अरेरे. तो पूल मी पण रोज बघितलाय. कळव्याच्या नाक्यावर चहावाल्याला विचारायचे, "खाली किती आहे?" तो टोपलीएवढं, बादलीएवढं असं सांगायचा. बादली म्हणाला की गाडी वळवायची.


पामबीच_पहाट

घणसोलीचा, वडिलांचं समजू शकतो. गाडी आहे का अजून?


घणसोलीचा

आहे. दीड वर्ष उभी होती, मग हाफ इंजिन काम केलं. आता वडीलच सकाळी तिच्यातून दूध आणायला जातात.


तुर्भ्याचा_मिस्त्री

२२ वर्षं गॅरेजमध्ये आहे. जेवण करून लिहितोय, वेळ आहे थोडा.

जुनी स्पोर्ट गाडी बघायला जाल तेव्हा आदल्या दिवशी मालकाला सांगा की मी यायच्या आधी चालू करू नका. बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर काहीतरी लपवतोय. थंड इंजिन चालू करा आणि मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय, हेड गॅस्केट बघावं लागेल. काळा म्हणजे पेट्रोल जास्त.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाला मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालेली आहे, कितीही चकचकीत असो. बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टचा रंग उडालेला असेल तर ते खोललेत, का खोलले ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून खूश होऊ नका, सहा-सात वर्षांचं रबर दगड झालेलं असतं आणि पहिल्या पावसात ब्रेक मारल्यावर गाडी सरळ जाते.

टायमिंग बेल्टवाली असेल तर मागच्याने बदललाय म्हणाला तरी आपला आपण बदलायचा. कागद असेल तरच विश्वास. टर्बो असेल तर पोचल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर तशीच चालू ठेवा, टर्बो तापलेला असतो, त्याला ऑइल फिरायला पाहिजे.

आणि नवी मुंबईवाल्यांनो, खालून बघा. रॅम्पवर चढवून बघा. खाडीची हवा आहे, पत्रा वरून छान आणि खालून पापड. चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) वेल्डिंगचे डाग असतील तर ती आपटलेली आहे.

माझ्याकडे ज्या गाड्या सगळ्यात खराब होऊन येतात त्या रोज पळणाऱ्या नसतात. झाकून ठेवलेल्या असतात. सील सुकतात, ब्रेकचं पिस्टन जाम, बॅटरी मेलेली, उंदरांनी वायरिंग खाल्लेलं. रोज चालवा.


रबाळे२२

दादा हे छापून पाकिटात ठेवतो 🙏 उंदरांना काय करू ते पण सांगा. पार्किंगच्या मागेच नाला आहे.


तुर्भ्याचा_मिस्त्री

बोनेट रात्री उघडं ठेवता येत असेल तर ठेवा, उजेड असेल तर घर करत नाहीत. तंबाखूची पुडी वगैरे लोक ठेवतात, मी तरी फरक बघितला नाही. रोज जागा बदलून लावलीत तर सगळ्यात बरं.


वाघबीळ_७

ज्यांना दिल्लीची स्वस्त गाडी दिसतेय त्यांच्यासाठी. मी घेतली तेव्हा तिथे पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांची मर्यादा होती, म्हणून गाड्या पडत्या भावात निघायच्या. मी एक दोन दारांची घेतली, एजंटकडून. भाव बघून हुरळलो. मग एनओसी, म्हणजे फॉर्म २८. तो तिकडच्या ऑफिसातून निघायला तीन महिने. त्यानंतर इथे रोड टॅक्स नव्याने भरायचा, तिकडचा परत मागायचा तर त्याचा अर्ज वेगळा. मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर आधीच्या मालकाची सही, आणि ती आरसीवरच्या सहीशी जुळेना. कर्ज फिटलेलं होतं पण बँकेचं नाव पुस्तकातून काढलेलंच नव्हतं, त्यासाठी फॉर्म ३५.

कायद्याने परराज्यातली गाडी १२ महिन्यांपर्यंत त्याच नंबरवर ठेवता येते (कलम ४७), पण मधल्या काळात प्रत्येक नाक्यावर अडवत होते. रविवारी मुलीला उपवनला न्यायचं तरी मी फाईल बरोबर ठेवायचो. शेवटी एमएच-०४ ची पाटी लागली त्या दिवशी पेढे वाटले सोसायटीत.

गाडी उत्तम आहे, सहा वर्षं रोज चालवतोय. पण पैसे देण्याआधी एनओसी हातात घ्या. "येईल चार दिवसांत" या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका.


कोपरी_कट्टा

फाईल घेऊन उपवन 😄 मुलीला काय वाटलं असेल.


वाघबीळ_७

ती सगळ्यांना सांगायची, बाबांचं ऑफिस गाडीतच असतं.


सानपाडा_सायली

मी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय घेतलीये, २०१६ ची, मागच्या दिवाळीत. २०२२ ला बंद झाली म्हणून घाईच केली. प्रश्न: आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, जुन्या गाडीला चालेल का? घरी रोज वाद.


तुर्भ्याचा_मिस्त्री

रबरी पाइप आणि फ्युएल फिल्टर वर्षातून एकदा बघून घ्या, कडक किंवा फुगलेले वाटले तर बदला. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, म्हणून टाकी भरून महिनाभर उभी ठेवू नका. ॲव्हरेज थोडं कमी होईल. आणि तुमचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असला तरी आत क्लच आहेच, म्हणून बंपर टू बंपरमध्ये पुढच्याला चिकटून रांगत जाऊ नका, थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे न्या. क्लच तापतो.


सानपाडा_सायली

खूप आभार दादा. नवऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला.


नौपाडा_दत्त

माझ्याकडे गाडी नाही, पण धागा सोडवेना. आमच्या चाळीत ८५-८६ च्या सुमारास एकाच घरी फियाट होती, सगळी पोरं तिला धक्का मारायला पळायची. खाडीकाठची ताई, तुमच्या पालिओचे नौपाड्यातले काका राममारुती रोडजवळचे का? पिवळी गाडी तिथे एकच होती. रविवारी मामलेदारच्या मिसळीला जाताना दिसायची.


खाडीकाठची

हो! तेच. चष्मा, पांढरा सदरा. विकताना म्हणाले होते, "रोज चालव पोरी, ही उभी राहिली की रुसते."

आणि ऐका. काल रात्री हे सगळं वाचून झोप येईना. आईचं शिवणाचं मशीन माळ्यावरून काढलं. खालच्या खणात, बटणांच्या डब्यात, दुसरी किल्ली. आईनेच ठेवली होती, माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

आज संध्याकाळी कामावरून परत येताना मुद्दाम घोडबंदरला गेले. मानपाड्याच्या पुढे एका पंपावर पिवळी उभी. मुलगा पंचविशीतला, कासारवडवलीला राहतो, माझ्यानंतरचा तिसरा मालक. २०२२ ला पासिंग पुन्हा करून घेतलंय, लोअर आर्म आणि जंपर नवीन टाकलेत. रोज भिवंडीला जातो तिच्यातून. स्टिकर का नाही काढला विचारलं, तर म्हणाला, "कुणीतरी हौसेने लावलाय, काढवेना."

त्याने दार उघडून दिलं, मी डाव्या सीटवर बसले. दांडा अजून तिथेच आहे.

त्याच्याकडे एकच किल्ली आहे, गेली चार वर्षं. रविवारी सकाळी देऊन येते.


वाशीची_सून

🥹 फोटो टाका रविवारी.


तुर्भ्याचा_मिस्त्री

किल्ली बारा वर्षं पडून होती, तिला आधी रॉकेलने पुसा. दाराच्या कुलपात ग्रेफाइटची पावडर मारायला सांगा, तेल घालू नका, धूळ धरतं. आणि दोन्ही दारांना लावून बघा, मधे कुणी डाव्या दाराचं कुलूप बदललं असेल तर तिकडे लागणार नाही.