शिकारीसाठी बनवलेल्या कंपाउंड धनुष्याची दोरी केव्हा बदलावी?

कर्वेनगरकर

नमस्कार. माझे मामेभाऊ पेनसिल्व्हेनियात राहतात आणि तेथे दर शरद ऋतूत परवाना काढून धनुष्याने हरणांची शिकार करतात. त्यांनी नवे धनुष्य घेतले तेव्हा जुने कंपाउंड धनुष्य (दोन्ही टोकांना चाके आणि त्यांना जोडणाऱ्या केबल असलेले) मला देऊन टाकले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषयच येत नाही. मी ते पुण्यात रेंजवर, बहुतेक वेळा १८ आणि ३० मीटरवर, फक्त लक्ष्यावर चालवतो. कमाल ताण ७० पौंडांचा आहे, तो लिम्बचे (धनुष्याच्या लवचीक भुजांचे) बोल्ट सैल करून ६० च्या आसपास आणला आहे.

दादांच्या मते दोरी आणि केबल दर दोन-तीन वर्षांनी बदलल्या की पुरे. रेंजवरील एक ज्येष्ठ मात्र वर्षभरातच बदला, असे बजावतात. सध्या खालच्या कॅमजवळ (टोकाच्या चाकाजवळ) दोरीवर बारीक लव उठली आहे, डी-लूपच्या (दोरीवरील छोट्या फाशाच्या) खाली सर्व्हिंगचे, म्हणजे दोरीवर गुंडाळलेल्या संरक्षक धाग्याचे, वेढे फाकले आहेत आणि धनुष्य पूर्ण ताणल्यावर पीप (दोरीत बसवलेली, नेम धरण्याची छिद्राची कडी) डोळ्यासमोर किंचित तिरके येते. पूर्ण संच मागवायचा तर खर्च थोडाथोडका नाही, म्हणून विचारतो. शिवाय दादा दिवसाला मोजकेच बाण मारतात आणि तेवढा सराव पुरेसा आहे म्हणतात, ते मला पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पन्नास_मीटर

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण त्यांच्या दोऱ्या वेगवेगळ्या कामाला जुंपलेल्या आहेत. कंपाउंडच्या एका पात्रता फेरीत ५० मीटरवर ७२ बाण मारावे लागतात आणि त्याआधीचे सरावाचे बाण वेगळेच. तेवढे बाण मारायला शिकाऱ्याला कित्येक दिवस लागतात. तेव्हा दादांचे वर्षांचे गणित रेंजवर येणाऱ्या माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

तुम्ही सांगितलेल्या तीन खुणांपैकी सर्व्हिंगची फट ही सर्वांत कमी काळजीची. नॉक (बाणाची मागची खाच) आणि रीलीज (दोरी सोडण्याचे हातातले उपकरण) यांच्या घर्षणाने मधली सर्व्हिंग आधी झिजतेच. ती उलगडून नवीन धागा गुंडाळता येतो आणि त्यासाठी पूर्ण संच बदलण्याचे कारण नाही. लव उठली असेल तर मेण लावून बोटांनी चोळावे, इतके की बोटांना ऊब जाणवावी, म्हणजे ते धाग्यांच्या आत उतरते. पावसाळ्यात हे चुकवू नये, कारण भिजलेली दोरी जड होते आणि बाणाचा वेग उतरतो. मात्र लव आणि तुटलेला पदर यांत फरक आहे. एक जरी पदर तुटलेला दिसला, तर ते धनुष्य ताणू नये.

पेठेतला धनुर्धर

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, पण केवळ बाण मोजून भागणार नाही. रिकर्व्हची (चाके नसलेल्या, टोके पुढे वळलेल्या धनुष्याची) दोरी आपण सराव संपल्यावर उतरवून ठेवतो. कंपाउंड मात्र भिंतीवर टांगलेले असतानाही ताणलेलेच असते. या दोऱ्यांतील मुख्य धागा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा असतो, आणि तो सतत ताणाखाली हळूहळू लांबतो, उष्णतेत तर अधिकच. ही लांबण आवरण्यासाठी अनेक दोऱ्यांत व्हेक्ट्रान या दुसऱ्या कृत्रिम तंतूचा धागा मिसळतात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात लावलेल्या बंद गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवून कार्यालयात जाणारे लोक मी पाहतो, तेव्हा त्यांच्या दोरीची आणि लिम्बमधील चिकट थरांचीही कीव येते.

तुमचे पीप तिरके येते, याचा अर्थ दोरीचे पदर असमान लांबले आहेत किंवा पीळ बदलला आहे. दोन्ही कॅमवर, केबल जेथे कॅमवर चढते त्या ठिकाणी, बारीक पेनने एक-एक खूण करून ठेवा आणि एका आसापासून दुसऱ्या आसापर्यंतचे अंतर व ब्रेस हाइट (पकडीपासून दोरीपर्यंतचे अंतर) लिहून ठेवा. हे आकडे आणि खुणा सरकू लागल्या की कॅलेंडर पाहण्याची गरज उरत नाही. दोन कॅमचे धनुष्य असेल तर दुसऱ्या कुणाला बाजूला उभे करून, दोन्ही कॅम एकाच वेळी थांबतात का, हेही पाहून घ्यावे. पीळ कमी-जास्त करायचा तर बो-प्रेस (लिम्ब दाबून दोरी सैल करणारे यंत्र) हवाच. घरगुती जुगाडाने कंपाउंडची दोरी उतरवण्याच्या फंदात पडू नये.

सरावाची_वही

मी मुलांना शिकवते, त्यामुळे सरावाविषयी लिहिते. दादांचे म्हणणे एकदम मोडीत काढू नका. शिकाऱ्याला बहुधा एकच बाण मिळतो, तोही तासन्‌तास थंडीत बसून अंग आखडल्यावर. म्हणून त्यांच्यातील जाणते लोक दिवसाचा पहिला बाण कुठे लागला, याची वेगळी नोंद ठेवतात. आपल्या रेंजवर पहिले काही बाण ‘वॉर्म-अप’ म्हणून सोडून दिले जातात, त्यात खरी माहिती वाया जाते. याउलट थकल्यावरही आकडा भरण्यासाठी बाण मारत राहिले की खांदा वर चढतो, रीलीजला हिसका बसू लागतो आणि तीच सवय अंगी मुरते. ७० पौंडांच्या जातीच्या धनुष्यावर तर लवकरच. अशा दिवशी जवळच्या कोऱ्या फोमवर, लक्ष्य न लावता, डोळे मिटून थोडे बाण मारावेत आणि घरी जावे.

दुसरे म्हणजे बाण. सामान्य नियमानुसार ताणाच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन किमान ५ ग्रेन (वजनाचे छोटे एकक) असावे, म्हणजे ६० पौंडांना ३०० आणि ७० ला ३५०. कमी पौंडेजवर खेळणाऱ्या मित्राचे हलके, लवचीक बाण गंमत म्हणूनसुद्धा या धनुष्यावर चढवू नका. फार हलका बाण सोडणे हे रिकामी दोरी सोडण्याच्या जवळ जाणारे आहे. कार्बनचा बाण दर वेळी हलकेच वाकवून कानाशी धरावा. करकर ऐकू आली की तो मोडून टाकावा.

आणि एक तपासणी आजच करा. कापसाचा बोळा दोन्ही लिम्बवरून आणि कॅमच्या कडांवरून हलक्या हाताने फिरवा. कुठे तंतू अडकले तर तेथे चीर किंवा खरचटा आहे.

कर्वेनगरकर

सर्वांचे आभार. लिम्ब स्वच्छ निघाले, परंतु खालच्या कॅमच्या खाचेच्या कडेवर कापूस अडकला. नखाने चाचपले तर सूक्ष्म कंगोरा लागतो. लव उठली आहे ती बरोबर त्याच जागी.

पेठेतला धनुर्धर

मग नवा संच मागवण्याआधी कॅमचा बंदोबस्त करा, नाहीतर नवी दोरीही तेथेच कातरली जाईल. कंगोरा किरकोळ असेल तर जाणकार कारागीर अतिशय बारीक पॉलिश पेपरने तो घासून देतो; खोल असेल तर कॅम बदलावा लागतो. स्वतः कानस लावू नका. त्यानंतर दोरी आणि केबल एकत्रच बदलाव्यात, कारण जुनी केबल आणि नवी दोरी वेगवेगळ्या वेगाने लांबतात आणि कॅमचा मेळ पुन्हा बिघडतो. नवा संच बसल्यावर साधारण शंभरेक बाण झाले की पीप आणि खुणा पुन्हा तपासा, आणि साइटची (नेम धरण्याच्या खुणेची) अंतरे तोपर्यंत कायम करू नका. काम होईपर्यंत धनुष्य ताणू नये.