शब्दचर्चा : ‘पिढ्यांचे युद्ध’, हाडवैर आणि वाळीत टाकलेल्यांची चौथी पिढी

मसुदा-१
एका काल्पनिक कथेसाठी शब्द हवे आहेत. एका बाजूला वाळवंटातल्या पाच-सहा टोळ्या, दुसऱ्या बाजूला त्यांनीच चार पिढ्यांपूर्वी हाकलून दिलेले लोक. तेव्हापासून दोघांत लढाई चालू. सध्या मसुद्यातले पहिले वाक्य असे आहे : ‘कबिल्यांचे आणि बहिष्कृतांचे पिढ्यांचे युद्ध रणात पुन्हा पेटले.’ वाचताना खटकते, पण नेमके कुठे ते सापडत नाही.

मुद्रितशोधक
चार ठिकाणी खटकते, म्हणून एक जागा सापडत नाही.

आधी ‘पिढ्यांचे युद्ध’. मराठी वाचक यातून बाप विरुद्ध मुलगा, जुने विरुद्ध नवे असा अर्थ घेईल. ‘पिढीजात युद्ध’ केले तरी भागत नाही. पिढीजात वतन, पिढीजात धंदा, पिढीजात वैर असे आपण म्हणतो, कारण या गोष्टी वारशाने हाती येतात. युद्ध प्रत्येक पिढीला नव्याने लढावे लागते, त्यामुळे ते ‘पिढ्यानपिढ्या चालते’. ज्या नामाआधी ‘वारशाने मिळालेले’ लावून पाहता येते, त्याच्याआधीच ‘पिढीजात’ लावा.

मग ‘रण’. कच्छच्या रणातला शब्द ‘इरिण’ या संस्कृत शब्दावरून आलेला, म्हणजे खारट, नापीक जमीन. रणांगणातले रण वेगळे. तुमच्या वाक्यात युद्ध आहे आणि वाळवंटही आहे, त्यामुळे ‘रणात’ म्हणजे कुठे हे वाचकाला ठरवताच येणार नाही. रण ठेवायचेच असेल तर जागा खाऱ्या, सपाट चिखलवटीची हवी. वाळूच्या टेकड्या असतील तर सरळ वाळवंट म्हणा. मात्र मराठीत वाळवंट नदीकाठचेही असते, चंद्रभागेचे वाळवंट तर सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्याच परिच्छेदात नदी नाही हे कळले, की पुढे अडचण येत नाही.

‘टोळ्या’ बरोबर आहे. फक्त ‘टोळीयुद्ध’ असा समास करू नका. तो शब्द वर्तमानपत्रांनी गुंडांच्या टोळ्यांना देऊन टाकला आहे. उंटावरून येणाऱ्या माणसांऐवजी वाचकाला मोटारी आणि पिस्तुले दिसतील.

मोडीवाचक
‘कबिला’बद्दल माझा आक्षेप जास्त कडक आहे. टोळी या अर्थाचा कबिला आपण हल्ली हिंदीतून घेतो. जुन्या मराठी कागदांत कबिला म्हणजे बायकामुले, कुटुंबातल्या स्त्रिया. १७६१च्या पानिपतावर फौजेबरोबर कबिले होते असे आपण वाचतो, तिथे टोळ्या नव्हत्या, बायका होत्या. आजही ‘कुटुंबकबिला’ म्हणतो तो याच अर्थाने. आता ‘त्यांनी रात्री कबिल्यावर हल्ला केला’ हे वाक्य वाचा. जुने वळण ओळखणाऱ्याला हल्ला बायकामुलांवर झालेला दिसतो. कथेत तेच म्हणायचे असेल तर शब्द अचूक आहे, नसेल तर टोळी.

वैराच्या शब्दांत तर आपण श्रीमंत आहोत, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सूड एका कृत्याचा असतो आणि उगवला की फिटतो. वैर फिटत नाही, मिटवावे लागते. हाडवैर त्याहून खोल, आणि ते बोलीत जास्त शोभते : म्हातारी म्हणेल, इतिहासकार म्हणणार नाही. ‘दावा’ म्हणजेही वैर : दावा धरणे, दावा साधणे. त्यावरून ‘दावेदार’ म्हणजे एकेकाळी वैरी. आता न्यायालयाने आणि क्रीडापानांनी त्याचा अर्थ पळवला. टोळीप्रमुखाच्या तोंडी ‘तो माझा दावेदार आहे’ घातलेत तर वाचकाला गादीची स्पर्धा वाटेल. उट्टे आणि वचपा हे शब्द तर इथे आणूच नका, ते मागच्या सामन्यातल्या पराभवापुरते उरले आहेत.

अरबीचा विद्यार्थी
प्रत्यक्षातला नमुना पाहिला तर शब्द निवडणे सोपे जाईल. इस्लामपूर्व अरबस्तानात बक्र आणि तग़लिब या टोळ्यांचे बसूसचे युद्ध परंपरेनुसार चाळीस वर्षे चालले. निमित्त एका उंटिणीचे. तग़लिबचा प्रमुख कुलैब याने तिला बाण मारला आणि त्यावरून बक्रच्या जस्सासने कुलैबला ठार केले. जस्सास हा कुलैबच्या बायकोचा भाऊ, आणि दोन्ही टोळ्या वाइल या एकाच मूळपुरुषाच्या. म्हणजे मराठीत ही शुद्ध भाऊबंदकी! पण भाऊबंदकी म्हटले की आपल्याला बांध, वाटणी आणि सातबारा आठवतो, म्हणून कथेत तो शब्द एखाद्या चेष्टेखोर पात्रापुरता ठेवावा.

(जाता जाता : तिथे उंटीणच म्हणा, सांडणी नको. सांडणी म्हणजे स्वारीची, वेगाने पळणारी. दुधाच्या आणि चरणाऱ्या जनावराला सांडणी म्हटले की सांडणीस्वार शोधावा लागतो.)

आता ‘बहिष्कृत’. अरबी परंपरेत टोळीने जाहीरपणे झटकून टाकलेल्या माणसाला ‘खलीअ’ म्हणत. त्यानंतर त्याने खून केला तर टोळी भरपाई देत नसे, आणि त्याचा खून झाला तर सूड मागत नसे. टोळीबाहेर भटकणाऱ्या, लुटीवर जगणाऱ्यांना ‘सुअलूक’, अनेकवचन ‘सआलीक’. शनफ़रासारखे नामांकित कवी त्यांच्यातलेच. म्हणजे शिक्षा फक्त पंगतीतून उठवण्याची नव्हती, रक्ताचा धनी काढून घेण्याची होती. मनुष्यवधाची रूढ भरपाई शंभर उंट. ती ज्याच्यासाठी कोणी देणार नाही आणि कोणी मागणार नाही, असा माणूस. याला मराठीत एक शब्द आहे का?

मोडीवाचक
आहे, आणि रोजचा आहे : बेवारस. मूळ अर्थ ‘ज्याला वारस नाही’ हाच. आज तो प्रेतापुरता आणि बसस्थानकावरच्या पिशवीपुरता राहिला आहे, पण ज्याच्या खुनाचा जाब विचारायला कोणी नाही त्याला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. भरपाईलाही जुना शब्द सापडतो : खूनखत. मारेकऱ्याच्या बाजूने मेलेल्याच्या वारसांना जमीन किंवा हक्क तोडून देण्याचा लेख. ‘रक्तमूल्य’ घडवण्यापेक्षा हा बरा, फक्त तुमच्या टोळ्यांना लेखन येत असले पाहिजे. येत नसेल तर ‘खुनाची भरपाई’ पुरे.

‘तडीपार’ कोणी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो, नको. त्यात नदीची तड आहे, आणि आजचा अर्थ पोलिसी आदेशाचा आहे. तडीपार माणूस मुदत संपली की परत येतो. ‘हद्दपार’ त्या मानाने चालेल, मात्र कथेत हद्द दिसली पाहिजे : दगडांची रास, कोरडा ओढा, काहीतरी. ‘परागंदा’ म्हणजे पांगलेला, देशोधडीला लागलेला. त्यात कोणी हाकलले हे येत नाही.

मसुदा-१
मग ‘बहिष्कृत’ ठेवू की ‘वाळीत टाकलेले’? ‘वाळीत’ मला जास्त आवडतो, कारण त्यात वाळू आहे.

मुद्रितशोधक
त्यात वाळू नाही. वाळवंटातली वाळू संस्कृत ‘वालुके’वरून आली. ‘वाळीत’चा संबंध ‘वाळणे’ या जुन्या क्रियापदाशी, म्हणजे टाकणे, वर्ज्य करणे. कपडे वाळतात ते वाळणे पुन्हा वेगळे. तीन शब्दांचा आवाज जुळतो एवढेच. श्लेष करा, पण निवेदकाला व्युत्पत्ती म्हणून सांगायला लावू नका. आणि ‘वाळलेले लोक’ लिहाल तर ते सुकलेलेच दिसतील.

व्याकरणाचा काच : ‘वाळीत लोक’ होत नाही. वाळीत टाकतात, वाळीत पडतात, वाळीत असतात. सोबत क्रियापद लागतेच. त्यामुळे प्रत्येक वेळी ‘वाळीत टाकलेल्या लोकांच्या’ अशी शेपटी येते आणि वीस पानांत वाचक कंटाळतो. ‘बहिष्कृत’ सुटसुटीत आहे, ‘बहिष्कृतांनी’, ‘बहिष्कृतांचा’ सहज होते.

पण त्याचे वजन जाणून वापरा. १९२४मध्ये स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा, २० मार्च १९२७चे महाडचे चवदार तळे, हे सगळे त्या शब्दामागे उभे आहे. वाळवंटाच्या कथेत पाणवठ्याचा झगडा येणारच, आणि ‘बहिष्कृत’ व ‘पाणवठा’ एका वाक्यात आले की मराठी वाचक अरबस्तानात थांबत नाही. लेखकाला ते हवे असेल तर फार मोठी ताकद आहे, नकळत झाले तर कथा हातातून जाते. शिवाय महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६चा, जुलै २०१७पासून लागू, म्हणजे हा शब्द जुन्या पोथीतला नाही, आजच्या फिर्यादीतला आहे.

‘जमात’बद्दलही तेच. हाकललेल्यांना ‘लुटारू जमात’ म्हणू नका. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मावरून गुन्हेगार ठरवले, तो शिक्का १९५२मध्ये पुसला, आणि ‘विमुक्त’ हा शब्द त्यातून आला. शत्रूच्या तोंडी शिवी म्हणून चालेल, निवेदकाच्या तोंडी नाही.

अरबीचा विद्यार्थी
मला मूळ गोम वेगळीच दिसते. वाळीत टाकायला माणूस आधी आत असावा लागतो. पणजा आत होता, त्याला टाकले. पणतू बाहेरच जन्मला, त्याला कोणी, कधी, कशातून टाकले? ‘बेवारस’ही पहिल्या पिढीलाच लागू. चौथ्या पिढीत त्यांना वारस आहेत, सूड मागणारे हात आहेत, म्हणून तर लढाई आहे. चारही पिढ्यांना एकच शब्द वापरला तर कथेत काळ सरकत नाही.

मोडीवाचक
पटले. मग असे करा : पणज्याच्या प्रसंगात ‘वाळीत टाकले’ हे क्रियापद, एकदाच, ठसठशीत. आज्याच्या काळात टोळ्यांच्या तोंडी ‘बेवारशी’. पणतवंडांच्या काळात त्यांनी स्वतःला घेतलेले विशेषनाम, जागेवरून किंवा पाण्यावरून आलेले. ‘उपरे’ टाळा, उपरा बाहेरून आलेला असतो, हे आतून गेलेले. राहण्याच्या शब्दांतही फरक ठेवा : टोळीप्रमुखाचा डेरा, लढवय्यांच्या राहुट्या, हाकललेल्यांची पाले. पाल म्हटले की आज इथे, उद्या तिथे हे सांगावे लागत नाही.

मसुदा-१
सुधारून लिहिले : ‘टोळ्यांनी त्यांच्या पणज्याला वाळीत टाकले होते. आज्यापणज्यांपासूनचे हे हाडवैर. दोघांमधून विस्तव जात नव्हता.’ आणि शेवटच्या प्रकरणात समेट दाखवताना : ‘त्या रात्री दोघांमधून विस्तव गेला.’

मुद्रितशोधक
पहिली तीन वाक्ये राहू द्या. निवेदक म्हातारा असेल तर ‘हाडवैर’ चालेल, नाहीतर ‘वैर’ करा. समेटाच्या वाक्याचा घोटाळा होतो. ‘विस्तव जात नाही’ हा वाक्प्रचार नकारातच जगतो, होकारात त्याला अर्थ नाही. वाचकाला वाटेल कोणीतरी आग लावली. समेट दाखवायचा तर वाक्प्रचार सोडा आणि वस्तू आणा : पालावरची बाई खापरात चार निखारे घेऊन राहुटीच्या दाराशी येते, आणि आतली बाई चूल पुढे सरकवते.