मदत हवी आहे: बोका पाय पोटाखाली घेऊन बसतो, पण हे बसणं नेहमीचं वाटत नाही

वडगावकरीण (सोमवार, संध्याकाळी ७.१०)

नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. खाली दोन पॉवरलूम, वर घर. आमचा बोका गुंड्या पाच वर्षांचा आहे, नसबंदी झालेला. मागाच्या खटखटीतच वाढला, त्यामुळे आवाजाला भीत नाही. माग चालू असताना साड्यांच्या गठ्ठ्यावर कलंडून, पोट उघडं टाकून झोपतो.

शनिवारपासून त्याचं बसणं बदललंय. मुटकुळं करून तो आधीही बसायचा, माझी मुलगी त्याला लादीपाव म्हणते. पण तेव्हा अंग सैल असायचं, छाती जमिनीला टेकलेली, पुढचे पंजे आत दुमडलेले, मान वर. मी समोर गेले की सावकाश डोळे मिटून उघडायचा. आता चारही पंजे जमिनीवर रोवलेले असतात, पोट जरा उचललेलं, पाठीला कमान, डोकं खांद्यांपेक्षा खाली. डोळे अर्धे मिटलेले, पण झोप लागलेली नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की कान हलतो. एरवी ते कान दोन बाजूंना पडल्यासारखे. शेपूट अंगाला घट्ट. आणि गठ्ठा सोडून न्हाणीत बंबाच्या मागे जाऊन बसतो.

सासूबाई म्हणतात, "अगं, घुरघुरतोय की, मजेत आहे तो." खरंच घुरघुरतो. मिस्टरांना वाटतं पावसाने गारठलाय. मला वाटत होतं महिन्याभरापूर्वी पिल्लू आणलं त्याचा राग असेल. खाणं निम्म्यावर आलंय. एका ठिकाणी फोन केला तर "मांजर आहे, दोन दिवस बघा" एवढंच सांगितलं. घरात तापाची गोळी आहे, पाव भाग करून देऊ का? या बसण्याचा अर्थ कुणाला कळत असेल तर कृपया सांगा.

जांबोटीकर (७.२५)

ताई, गोळी अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, पाव गोळीनेसुद्धा जीव जाऊ शकतो. त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही आणि रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते.

दुसरं, आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस सुरू झाला की मांजरं गारठतात हे खरं. पण गारठलेलं मांजर ऊब शोधतं, चुलीपाशी, गोधडीत. तुमचा बंब पेटलेला असताना तो मागे बसतो की विझल्यावरही?

वडगावकरीण (७.३२)

बंब सकाळी सहालाच पेटतो. आत्ता गार आहे, फरशी ओली आहे. तरी तिथेच आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

निपाणीची माऊवाली (७.५०)

तुम्ही इतकं बारीक वर्णन केलंय त्यामुळे सांगता येतंय. हे दुखण्याचं बसणं वाटतं. आरामात बसलेलं मांजर पंजे आत घेतं, कारण त्याला लगेच उठायचं नसतं. पोटात दुखत असेल तर ते पोट जमिनीला टेकू देत नाही आणि अंग चोरून बसतं.

माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची एक पट्टी प्रसिद्ध केली, फेलाइन ग्रिमेस स्केल. कान, डोळे, मुस्काट, मिशा आणि डोकं अशा पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण. १० पैकी ४ किंवा जास्त आले तर वेदनाशामकाची गरज आहे असं धरतात, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. कान बाजूला पडलेत, डोळे अर्धे मिटलेत, डोकं खांद्याखाली गेलंय, म्हणजे तुमच्या वर्णनातच तीन गोष्टी आहेत. मिशा ताठ आणि सरळ झाल्यात का, मुस्काट आवळल्यासारखं दिसतंय का, तेवढं बघा.

घुरघुरण्यावर जाऊ नका. मांजर सुखात घुरघुरतं तसं दुखतानाही घुरघुरतं. माझी म्हातारी मनी शेवटच्या दिवसापर्यंत घुरघुरत होती, आणि त्या आवाजावर विसंबून मी चार दिवस घालवले. म्हणून एवढं लिहितेय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो लघवी करतोय का? आजचं विचारतेय, शनिवारचं नाही. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीवावर बेततं. पावसामुळे बाहेर जात नसेल तर वाळूचा ट्रे तपासा. सारखा जाऊन बसतोय का, कण्हतोय का, खाली चाटत राहतोय का? तसं असेल तर सकाळची वाट बघू नका. पोट दाबून मात्र बघू नका.

वडगावकरीण (८.१५)

वाळू बघितली. कालपर्यंत छोटे छोटे ओले डाग होते, आज सकाळपासून सगळी कोरडी. मुलगी सांगते की दुपारी तो तीनदा ट्रेमध्ये बसून उठला, तिला वाटलं खेळतोय. मिशा तुम्ही म्हणता तशाच आहेत. मिस्टर रिक्षा आणायला गेलेत. टोपलीत जुनी साडी घालून त्याला ठेवलंय, ओरडला पण चावला नाही.

वडगावकरीण (गुरुवार, दुपारी १२.४०)

परवा लिहायला जमलं नाही, माफ करा. रात्री शहरातल्या एका खासगी डॉक्टरांनी दार उघडलं. मूत्राशय तट्ट फुगलं होतं. भूल देऊन नळी घातली, लघवीत रेतीसारखे बारीक कण निघाले. रक्त तपासलं, मूत्रपिंडावर ताण आलाय पण सावरेल म्हणाले. दोन दिवस सलाईनवर तिथेच ठेवला, आज सकाळी घरी आणलाय.

जांबोटीकर दादा, निपाणीच्या ताई, तुम्हा दोघांचे उपकार कसे फेडू कळत नाही. सासूबाई सकाळपासून त्याच्या शेजारी बसून आहेत, घुरघुरला की आधी पंजे बघतात, मग मला हाक मारतात. आत्ता तो गठ्ठ्यावर आहे. पूर्ण कलंडलेला नाही, पण पुढचे पंजे आत घेतलेत आणि हनुवटी साडीवर टेकलीय.

एक मदत अजून हवी आहे. नुसतं कोरडं खाणं बंद करून ओलं द्या, पाणी जास्त पोटात जाऊ द्या असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण हा वाटीतलं पाणी फक्त हुंगतो. बिनमिठाची कोंबडी उकडून तिचं पाणी दिलं तर पितो का, की तुमच्या मांजरांना आणखी कशाने सवय लागली? कांदा-लसूण घालायचा नाही हे माहीत आहे.