पायाच्या आगीला डिप्रेशनची गोळी?

बी-३०४ काका: मंडळी, शुगरमुळे तळपायांची आग होते म्हणून डॉक्टरांनी रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० दिली. नेटवर बघतो तर ही डिप्रेशनची गोळी! मला काय वेड लागलंय?

सी-१०१ काकू: डिप्रेशन म्हणजे वेड नव्हे हो. माझ्या जाऊबाईंना हीच अर्धशिशीसाठी दिली होती.

ए-२०२ फार्मासिस्ट ताई: बरोबर दिलीय काका. नसा एकमेकींना निरोप द्यायला सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं सोडतात आणि काम झालं की परत ओढून घेतात. ही गोळी ते ओढणं अडवते. त्याने मन सावरतं, तसंच वर मेंदूकडे जाणारी वेदनाही दबते. डिप्रेशनला डोस बराच मोठा लागतो. १९५० च्या दशकातलं कूळ आहे हे, जुनं पण कामाचं.

बी-३०४ काका: सकाळी डोकं जड असतं. तोंडाला कोरड.

ए-२०२ ताई: कारण ती हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलीन या शरीरातल्या आणखी दोन रसायनांनाही आडवी येते. बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, सगळं त्यातलंच. उठताना चक्करही येऊ शकते. प्रोस्टेट, काचबिंदू, हृदयाचं काही?

बी-३०४ काका: प्रोस्टेट आहे थोडं. त्यांनी विचारलं नाही.

ए-२०२ ताई: मग आजच फोन करून सांगा. मनाने बंद मात्र करू नका.

डी-४०१: ताई, सर्दीची गोळी चालते ना बरोबर? ती तर साधीच.

ए-२०२ ताई: साधी कसली! त्यात बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतं, म्हणजे गुंगी आणि लघवीचा त्रास वाढणार. वर फेनिलएफ्रिन, त्याने बीपी चढू शकतं. दारूचं तर विचारूच नका.

सी-१०१ काकू: आमच्याकडे कंबरेसाठी ट्रॅमाडॉल पडलंय. काका, मागे तुम्हीच एक पट्टी नेली होती.

ए-२०२ ताई: काका, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका! दोन्ही एकत्र आल्या तर फिट येऊ शकते. सेरोटोनिन फार वाढलं तर घाम, थरथर, ताप, बरळणं. असं झालं तर थेट हॉस्पिटल. फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या दुसऱ्या गोळीची तऱ्हा वेगळी: यकृतात ही गोळी मोडणारं एन्झाइम ते अडवतं, मग रक्तात हिचं प्रमाण चढतं. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही काही आठवडे हा परिणाम राहतो.

डी-४०१: बाप रे. आणि आमच्याकडे ड्रॉवर पोरांच्या हाताला येतो.

ए-२०२ ताई: आधी तो वर हलवा. लहान मुलाने चुकून गिळली तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. थोड्या गोळ्याही जिवावर बेततात.

बी-३०४ काका: घरातल्या सगळ्या पट्ट्यांचा फोटो टाकतो.

ए-२०२ ताई: ग्रुपवर नको काका, मला पर्सनलवर टाका. होमिओपॅथी, आयुर्वेदिकसुद्धा.