मदत हवी आहे : मासेमारीचा रॉड आणि गळ विमानातून कसे न्यावेत?

नमस्कार. छंद म्हणून मासेमारी करण्याचे साहित्य प्रथमच विमानातून न्यायचे असल्याने अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

गळ, सुरी आणि पक्कड चेक-इन सामानातच ठेवणार आहे. तपासणीसाठी बॅग उघडणाऱ्याच्या बोटात गळ रुतू नये, म्हणून टोके झाकून ते घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करीन. मासे शोधणाऱ्या यंत्राची सुटी लिथियम बॅटरी मात्र केबिनमध्येच न्यावी लागते.

खरी अडचण रॉडची आहे. अनेक विमान कंपन्या चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा घालतात, आणि माझा ३ मीटरचा, दोन तुकड्यांचा रॉड नळीत घातल्यावर ती ओलांडतो. अशी नळी क्रीडासाहित्य म्हणून आधी नोंदवल्यास अतिरिक्त शुल्क टळते का? रॉडची टोके फारच नाजूक असतात, तेव्हा जाड पीव्हीसी पाइप पुरेसा ठरतो, की चार तुकड्यांचा प्रवासी रॉड घेऊन तो केबिनमध्ये नेणेच शहाणपणाचे? महागडी रील हातातल्या बॅगेत ठेवावी असे वाटते, परंतु तिच्यावर गुंडाळलेल्या मजबूत दोरीवर सुरक्षा तपासणीत कधी हरकत घेतली गेली आहे का?